साखरेच्या डब्यातलं मीठ

सकाळचे सव्वासात झाले आणि फोन वाजला नाही, की मी हातातलं काम सोडून उठतो. बायको म्हणते, "दोन मिनिटं थांबा, येईल." मला थांबवत नाही. अकोल्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी रेंज बरी असते, तिथं मी फोन हातात घेऊन उभा राहतो. मग तो वाजतो. अमरावतीहून काका एवढंच म्हणतात, "मीठ घेतलं. साखर घेतली. ठेवतो." आणि ठेवतात.

सुरुवातीला बायकोनं विचारलं होतं, "त्यांना शुगर आहे ना? मग रोज साखर खाऊन तुम्हाला कशाला कळवतात?" तिला सांगायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मी तेल्हारा तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.एस्सी.साठी अमरावतीला आलो, तेव्हा त्याच कॉलेजात काका रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि त्यांच्या घरामागची खोली मला मिळाली. पोरं त्यांना 'सर' म्हणायची. ते हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवून म्हणायचे, "सर तिकडं, खुर्चीवर बसते. मी असिस्टंट हावो."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पत्र्याच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवली. पांढरा कागद, काळी शाई, छापल्यासारखं अक्षर: 'कपडे, पुस्तके, आरसा (तडा गेलेला)'.

मी म्हटलं, "काका, पेटी माझीच आहे. आत काय आहे ते मला माहीत आहे."

"आज माहीत हाय," काका म्हणाले. "उद्याचं कोनाले सांगता येते?"

त्या घरात चिठ्ठी नसलेली वस्तू शोधावी लागे. पंख्याच्या बटणावर 'पंखा', शेजारच्या बटणावर 'पंखा नाही'. छत्रीवर 'एक काडी मोडकी'. कूलरला दोरीनं पाटी बांधलेली, एका बाजूनं 'पाणी आहे', दुसऱ्या बाजूनं 'पाणी नाही'. मे महिन्यात दुपारी ती पाटी कोणी उलटवली नाही तर काकांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. प्रयोगशाळेत त्यांचा नियम एकच होता. लेबल नसलेली बाटली त्यांच्या लेखी बाटलीच नव्हे. कोणी पोरगं झाकण काढून वास घ्यायला लागलं की ते लांबूनच ओरडत, "वास घेऊन राहिला का बे? लेबल वाच, मंग हात लाव!"

हे वाक्य मी अजून माझ्या शाळेत वापरतो. मी विज्ञान शिकवतो. कॉलेज सुटल्यावर काकांनी मला प्रयोगशाळेत नळ्या धुवायला थांबवून घेतलं नसतं आणि धुता धुता प्रत्येक नळीत काय झालं होतं ते सांगितलं नसतं, तर मी पहिल्याच वर्षी गावी परतलो असतो.

या माणसाच्या स्वयंपाकघरात एकही लेबल बरोबर नव्हतं.

ते मला आठवड्याभरातच कळलं. काकू देवळात गेल्या होत्या. काका म्हणाले, "चहा मांडता येते का?" मी चहा मांडला. फळीवर पितळी डबे ओळीनं उभे होते, प्रत्येकावर काकांच्या अक्षरातली पिवळी पडलेली चिठ्ठी. मी 'साखर' वाचून दोन चमचे घातले. काकांनी एक घोट घेतला, शांतपणे गिळला आणि विचारलं, "लेबल वाचलं होतं?"

"हो काका."

"मंग चुकलं तुहं. या घरात डबा वाचाचा नाई. काकूले विचाराचं."

तेवढ्यात काकू आल्या. रिद्धपूरजवळच्या खेड्यातलं त्यांचं माहेर, महानुभावी घर. कोणी आलं-गेलं की त्या हात जोडून 'दंडवत' म्हणायच्या. मलाही म्हणायच्या, मला अवघडल्यासारखं व्हायचं. खारट चहा ओतून देत त्या हसल्या. "तू बी काय बापा! शिकल्या लोकाईचं असंच राह्यते. लिवलं दिसलं का खरं वाटते."

मग त्यांनी मला ओट्यापासून लांब बसवलं आणि स्वतः चहा केला. साखर कोणत्या डब्यातून काढली, ते मी पाहिलं नाही. पुढची तीन वर्षं त्यांनी मला फळीला हात लावू दिला नाही. हा घरातल्या चिठ्ठ्यांच्या वेडाचाच एखादा उलटा प्रकार असेल, असं समजून मी तो विषय सोडून दिला.

आणखी एक गोष्ट मी अशीच सोडून दिली होती. किराणा फक्त काका आणत. काकू चिठ्ठी लिहीत, एकेक अक्षर काढायला बराच वेळ लावून, आणि काका ती चष्मा लावून वाचत. वाचताना त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत असे. कोणी आलेलं असलं तर ते मोठ्यानं म्हणत, "पाहा, आमच्या घरची यादी! स्वतः लिवते." काकू पदर तोंडाला लावत. एकदा काकांना सडकून ताप होता. मी म्हटलं, "द्या इकडे, मी आणतो." तर अंथरुणातून उठून त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली आणि कानाला रुमाल बांधून स्वतः बाजारात गेले. मला वाटलं, माझ्यावर विश्वास नाही. त्याचं मला महिनाभर वाईट वाटत होतं.

मी अकोल्याला नोकरीला लागलो. वर्षातून दोन-तीनदा अमरावतीला जाणं होई. काका निवृत्त झाले, त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला स्थायिक झाला. मी त्याला दादा म्हणतो. काकूंच्या पोटाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते काकूंना न सांगताच कळलं. त्यानंतर त्या चार महिने होत्या. शेवटचा महिना तर अंथरुणावरच. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर दादा काकांना पुण्याला चला म्हणाला. काका म्हणाले, "तिकडं डबे कोन पाहीन?" दादानं खूप समजावलं. काका छताकडे पाहत बसले. शेवटी दादा मला म्हणाला, "तू जवळ आहेस. जाऊन पाहत जा. एकटे राहू शकतात का, ते मला खरं खरं सांग. नाही वाटलं तर मी उचलून नेईन त्यांना."

त्या शब्दाचं ओझं घेऊन मी दोन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी पोचलो. कूलरची पाटी 'पाणी नाही' दाखवत होती आणि कूलर कोरडाच फिरत होता. काका वाळले होते. अर्धी भाकर खाऊन अर्धी ताटाखाली झाकून ठेवत होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. काकूंच्या दुखण्यात त्याचं ऑपरेशन राहून गेलं होतं. ते बोलत होते नेहमीसारखेच, पण मधेच थांबून स्वयंपाकघराकडे पाहत, कोणी हाक मारली असावी तसे.

दुपारी ते आंघोळीला गेले आणि मी त्यांची औषधं पाहायला घेतली. कोनाड्यात फोटोच्या रिळाच्या तीन काळ्या डब्या होत्या. पाकिटातून गोळी दाबून काढणं काकांच्या थरथरत्या बोटांना जमत नसे, म्हणून काकू गोळ्या सोडवून या डब्यांत भरून ठेवत. आता तेच काम काका नखं कापायच्या कात्रीनं करत. डब्यांवर कागदाच्या पट्ट्या होत्या, पण अक्षर काकांचं नव्हतं. वाकडं, थरथरतं, शेवटच्या महिन्यातलं. एका डबीवर 'साखर', दुसरीवर 'मीठ', तिसरीवर 'झोप'.

मला गलबलून आलं. साखर म्हणजे शुगरची गोळी, मीठ म्हणजे बीपीची, कारण डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. झोप म्हणजे रात्रीची अर्धी गोळी. किती साधं आणि सुंदर, असं मला वाटलं. मग शेजारी पडलेल्या अर्धवट कापलेल्या पाकिटांशी मी गोळ्या ताडून पाहिल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, फक्त एकीवर मधोमध रेघ. 'साखर' लिहिलेल्या डबीत बीपीच्या गोळ्या होत्या आणि 'मीठ' लिहिलेल्या डबीत शुगरच्या.

 एका डोळ्यानं दिसत नाही, घरात दुसरं माणूस नाही, आणि डब्या उलट्या! स्वयंपाकघरातली गंमत मला ठाऊक होती, पण औषधाच्या बाबतीत कोण गंमत करतं? आजारपणात काकूंची चूक झाली असणार. काकांना सांगितलं तर काकूंची चूक काढल्यासारखं होईल, म्हणून मी गुपचूप गोळ्यांची अदलाबदल केली. साखरेच्या डबीत शुगरच्या, मिठाच्या डबीत बीपीच्या. तिसरी डबी बरोबर होती, ती तशीच ठेवली. लेबल वाच, मग हात लाव. काकांचाच धडा काकांसाठी वापरला, म्हणून मला मनातून बरंही वाटलं.

शुगरची गोळी फक्त सकाळी होती, बीपीची सकाळ-संध्याकाळ. हे मला माहीत होतं. पण कोणती डबी सकाळी आणि कोणती दोन्ही वेळेला, हे काका चिठ्ठी वाचून ठरवत होते. आणि त्या चिठ्ठ्या ते माझ्यासारख्या वाचत नव्हते.

रविवारी अकराच्या सुमारास आम्ही ओसरीत बसलो होतो. सकाळपासून त्यांनी कपभर बिनसाखरेचा चहा तेवढा घेतला होता. बोलता बोलता त्यांचा शब्द अडखळला. कपाळावर घाम फुटला, शर्ट पाठीला चिकटला, हात कापायला लागले. ते माझ्याकडे पाहत होते, पण ओळखत नव्हते. शुगर एकदम उतरली की असं होतं, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. मी स्वयंपाकघरात धावलो.

आणि फळीपुढे उभा राहिलो. 'साखर' डब्यात मीठ आहे, एवढं मला आठवत होतं. मग साखर कुठं? 'तूरडाळ' उघडला, पोहे निघाले. 'हळद' उघडला, धने निघाले. 'बेसन' उघडला, त्यात वाती आणि कापूर.  ओसरीतून त्यांचा घोगरा आवाज येत होता, "मीठ... मीठ दे..."

"काका, मीठ नाही, तुम्हाला साखर पाहिजे!"

"मीठ म्हंतो ना!" ते ओरडले, आणि तो आवाज प्रयोगशाळेतला होता. "वाच!"

मी 'मीठ' लिहिलेला डबा उघडला. काठोकाठ साखर होती.

शेजारच्या आपा भिंतीपलीकडून सारं ऐकून धावत आल्या होत्या. त्यांनी काकांचं डोकं धरलं, मी साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. "पिओ काका, थोडा और," त्या म्हणत होत्या आणि मधेच माझ्याकडे वळून, "तुमी होते ना घरात? कसं काय झालं?"  'मीठ' डब्यात साखर दिसली तेव्हाच मला कळलं होतं कसं झालं ते. काल संध्याकाळी आणि आज सकाळी काका बीपीची समजून शुगरची गोळी घेत होते, आणि ती त्या डबीत मी ठेवली होती.

डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं. "गोळ्या कोणी दिल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घेतल्या त्यांनीच. डब्या मी बदलल्या." डॉक्टरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

संध्याकाळी काका उशीला टेकून बसले. मी त्यांच्या पायांशी उभा होतो. ते म्हणाले, "बस. चूक तुही नाई. तू वाचलं ते बराबर वाचलं."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी हौसेनं डब्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि कॉलेजात गेले. परत आले तर नव्या नवरीनं सगळे डबे पुसून, भरून, ओळीनं मांडले होते. चिठ्ठीकडे न पाहता, आपल्या हाताला सोयीचं पडेल तसं. "मले दाखवून राहिली होती, कसं केलं म्हून. तिले वाचता येत नाई, हे तोवर मले मालूम नोतं. मी म्हटलं, लय झकास केलं. बस. मंग कधी सांगतलंच नाई." पुढे काकू डब्यांवरची अक्षरं पाहून पाहून यादी लिहायला लागल्या. मीठ संपलं की त्या 'साखर' लिहीत, पोहे संपले की 'तूरडाळ'. काका ती यादी वाचून बरोबर ते आणत. म्हणून ती यादी दुसऱ्या कोणाच्या हातात पडू द्यायची नव्हती. तापातसुद्धा नाही.

"चाळीस वर्षं सांभाळलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "पन आता एकच गोष्ट खाते मले. मी तिले खरं वाचाले शिकवाले पाह्यजे होतं. नाई शिकवलं. मले त्याच्यात मजा वाटे. फसवलंच ना मी तिले?"

मी म्हटलं, "नाही काका." पण माझा आवाज पोकळ आला.

बाहेर येऊन मी दादाला फोन लावला. सगळं सांगितलं; माझी चूक आधी सांगितली. तो रागावेल, आत्ताच्या आत्ता न्यायला येतो म्हणेल, अशी मला भीती होती.  मग दादा म्हणाला, "मी पहिलीत होतो. बाईंनी फळ्यावर 'साखर' लिहिलं, मी मोठ्यानं 'मीठ' वाचलं. दोन छड्या बसल्या. घरी येऊन रडलो. आईनं दार लावून घेतलं, सगळे डबे खाली उतरवले आणि माझं पुस्तक उघडून म्हणाली, शिकव मले. आम्ही दोघं सोबतच वाचायला शिकलो."

"म्हणजे काकूंना—"

"पेपरसुद्धा वाचायची, बाबा कॉलेजात गेल्यावर. मी म्हटलं, आता चिठ्ठ्या बदलू. तर म्हणाली, राहू दे. यादी वाचतानी त्याईचं तोंड पाह्यलं का तू कधी? त्याईले मरेपर्यंत सांगू नको. मी आईला शब्द दिला होता. तूही सांगू नकोस."

मी 'नाही सांगणार' म्हटलं आणि फोन धरून तिथल्या बाकावर बसलो. म्हणजे शेवटच्या महिन्यात, कापत्या हातानं, काकूंनी त्या डब्यांवर मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. एका माणसाला बरोबर वाचता यावं म्हणून.

"मग आता?" दादानं विचारलं. "राहू शकतात का ते एकटे? तू सांगशील तसं करीन."

माझ्या तोंडून 'घेऊन जा' निघणार होतं. जबाबदारी टळली असती, झोप लागली असती. पण पुण्याच्या स्वयंपाकघरात सगळे डबे बरोबर असणार. मी म्हटलं, "राहू शकतात. रोज सकाळी त्यांनी मला फोन करायचा. आला नाही तर मी पहिली बस पकडीन."

गोळ्या मी माझ्या हातानं परत पहिल्यासारख्या केल्या, उलट्या. दादानं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आणि सव्वासातचा फोन सुरू झाला.

गेल्या आठवड्यात तो पावणेसहाला वाजला. बाहेर जेमतेम उजाडलं होतं. मी अंथरुणातून उठता उठताच बसच्या वेळा आठवायला लागलो.

"काका? काय झालं?"

"काही नाई झालं. एक विचारतो. तू तीन वर्षं राह्यला आमच्या घरी. 'झोप' लिवलेला डबा पाह्यला होता का कधी?"

मला एकदम कळलं नाही. मग कळलं.

"नाही काका."

"नोताच. आता डोळा साफ झाला, तं मी त्या डबीकडं पाहूनच राह्यलो. साखर, मीठ, ते तं तिनं डब्यावरून उतरवलं. 'झोप' कुठून आनलं?"

मी दादाला शब्द दिला होता.  पलीकडे डबी हलवल्याचा खुळखुळ आवाज आला.

"आन 'झ' काढला हाय. पाहून पाहून काढलेला नाई, लिवनाऱ्याचा हाय. लोकाईले मॅट्रिक होऊन झ जमत नाई." डबी पुन्हा खुळखुळली. "मी उन्हातान्हात थैली घेऊन फिरलो, कोनाच्या हाती यादी पडू दिली नाई. मले वाटे, मी तिले सांभाळून राह्यलो."

"काका..."

त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. ते रडतात की काय या भीतीनं मी बायकोकडे पाहिलं. ती उठून बसली होती. मग पलीकडून जो आवाज आला तो मी कॉलेजच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. यादी वाचताना त्यांच्या मिशीखाली जे हलायचं, ते या वेळी बाहेर आलं होतं. काका हसत होते. बराच वेळ. हसता हसता खोकला आला, तेव्हा मी घाबरून म्हटलं, "काका, पाणी प्या. गोळ्या घेतल्या का?"

"अजून टाईम हाय. सव्वासातले सांगतो." फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. "आन आयक. पुढच्या खेपेले येशीन, तं डब्याईले हात लावजो नको. लेबलं बराबर हायेत."